न तोडलेल्या रानाचं मोल

मंडळी, आधी एक सवाल! चोरी केली नाही म्हणून कुणी तुम्हाला कधी बक्षीस दिलंय? नाही ना? आणि 'चोरी करणार होतो, पण थांबलो' असं सांगितलं तर? हसताय! ऐका मग.

आंबेघोळ गावात वाघजाईची देवराई. देवीचं राखलेलं रान — सात पिढ्यांत कुणी वाळकी काटकी उचलली नाही! राखणदार भिवा गुरव. पण गावात पाणी नाही हो! त्याची बायको गोदा, साठीची बाई, डोक्यावर दोन हंडे घेऊन घाटी चढते. रात्री भिवा तिचे गुडघे तेलानं चोळतो.

एक दिवस नलावडेसाहेब आले. दलाल! कशाचे? धुराचे! कारखान्यानं किती धूर सोडायचा ते सरकार ठरवणार, जास्त सोडायचाय? मग दुसऱ्यानं वाचवलेल्या कार्बनचं प्रमाणपत्र विकत घ्या. चिमणी तशीच! पाप आपलं, उपास शेजाऱ्याचा!

"भिवाकाका, तुमची झाडं धूर पितात. सही करा, त्याच्या पैशातून गावात नळ येईल."

गोदाचा चेहरा उजळला. भिवा म्हणाला, "वाचा तरी."

साहेबांनी वाचलं — 'गाव हे रान तोडणार होतं. पैसे मिळणार म्हणून थांबलं.'

"आम्ही कधी तोडणार होतो?"

"तसं लिहावंच लागतं, काका. तोडणारच नव्हता, तर वाचवलंत काय?"

"म्हंजे राखलं त्याला मोल नाही, कुऱ्हाड उगारली की आहे?"

"नियम आहे!"

वा रे नियम! सरपंच म्हणाले, "कर की सही, भिवा. कागदच तर आहे."

पण रानाची कुठलीही गोष्ट देवीला कौल लावल्याशिवाय करायची नाही, ही तिथली रीत. मूर्तीला कळ्या चिकटवायच्या, मोठ्यानं विचारायचं. उजवी पडली की होकार. भिवानं कळ्या लावल्या, हात जोडले. "आई, आम्ही तुझं रान..." पुढं जीभ रेटेना! तो वळला. "साहेब, कागद तुमचा. तुम्हीच विचारा."

मोठमोठ्या कचेऱ्यांत न अडखळलेले साहेब! बूट काढून पुढं झाले — आणि नुसता घसाच खाकरत राहिले. सरपंच? खांबाआड! विचारलंच नाही, तर देवी सांगणार काय?

"नळ गेला, गोदे," भिवा म्हणाला.

"गेला तर गेला. खोट्याचं पाणी देवीला कसं घातलं असतं?" तिनं हंडे उचलले. डोळे मात्र भरले होते.

साहेब पलीकडच्या वाडीत गेले. तिथं लोकांनी कुऱ्हाडी खांद्यावर घेऊन फोटो काढले, सही झाली, प्रमाणपत्र एका कारखान्यानं घेतलं, त्याची चिमणी जोरात!

मंडळी, हा बाजार वाढणार आहे. राखणाऱ्याला मोल देणारा नियम झाला तर चांगलंच! पण आज तरी तो भिवासाठी नाही.

आता हसणं थांबवा. हा कीर्तनाचा मंडप, हे दिवे, प्रसादाचा शिरा — सगळं त्याच कारखान्याच्या मालकांनी दिलंय. पहिल्या रांगेत बसलेत. माझं बिदागीचं पाकीटही त्यांचंच, झोळीत आहे. भिवानं दारात आलेला नळ सोडला. मी पाकीट घेऊन भिवाची गोष्ट सांगतोय! तुम्ही शिरा खाऊन ती ऐकताय. मग निदान एक तरी करूया — जे विचारायचं ते मोठ्यानं विचारूया. शेठ, चिमणी कधी बदलताय? बोला — सगळे ऐकतायत!