मयताशी नाते

बाई : हा रकाना नीट भरा. ‘मयताशी नाते’ याच्यापुढे तुम्ही ‘ऐकणारा’ लिहिलंय.

ड्रायव्हर : बरोबर आहे ते.

बाई : सत्तावीस वर्षं या डेपोत रजेचे अर्ज तपासतेय मी. आई, वडील, सासू, सासरे. एकानं चुलत आजेसासूबाई लिहिलं होतं, त्या पुढच्या वर्षी पुन्हा वारल्या. पण ऐकणारा आजवर कुणी लिहिलं नव्हतं. मयत कोण?

ड्रायव्हर : वर लिहिलंय की.

बाई : वर ‘झिपऱ्या’ लिहिलंय.

ड्रायव्हर : तो गाणारा हो. सकाळपासून सगळीकडे तेच चाललंय. पहाटे गेला म्हणतात, दवाखान्यात.

बाई : तो केस सोडून, गिटार घेऊन किंचाळायचा, तो?

ड्रायव्हर : तोच. जगासाठी त्याचं नाव वेगळं. आमच्या घरात तो झिपऱ्या. ‘बंद करा त्या झिपऱ्याला,’ असं वडील रोज संध्याकाळी ओरडायचे. मी आणि धाकटा एका खोलीत. आम्हाला ती शिवी वाटलीच नाही कधी. घरातल्याच माणसाला हाक मारल्यासारखी वाटायची.

बाई : हे बघा, तुम्ही भले माणूस. अपघात नाही, भांडण नाही, कुणाची तक्रार नाही. मी मार्ग काढून देते. हा नवा फॉर्म घ्या, ‘पोटदुखी’ लिहा. पोटदुखीला कुणी पुरावा मागत नाही.

ड्रायव्हर : पोट ठणठणीत आहे माझं.

बाई : ते मला दिसतंय. लिहायला काय जातं?

ड्रायव्हर : नाही लिहायचं, बाई. आज नाही.

बाई : आणि तुमची सकाळची पाळी ना? गाडी कुठाय?

ड्रायव्हर : आवारात. किल्ली कंट्रोलरकडे दिली.

बाई : फेरी अर्धी टाकून?

ड्रायव्हर : फेरी पुरी केली. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले, मग रिकामी घेऊन आलो.

बाई : बसा त्या खुर्चीवर. झालं काय ते सांगा.

ड्रायव्हर : चौथ्या स्टॉपला एक रंगारी चढला. पँटवर सगळे पांढरे शिंतोडे, हातात ब्रशांची बादली. मागच्या सीटवर बसला आणि मोबाईलवर गाणं लावलं, मोठ्यानं. कंडक्टर म्हणाला, आवाज कमी कर. तो म्हणाला, ‘अहो, गेला तो.’ एवढंच. तेव्हा कळलं मला. कंडक्टर तिकिटं फाडायचं सोडून दांडा धरून उभा राहिला.

बाई : मग?

ड्रायव्हर : मग माझे दोन स्टॉप सुटले.

बाई : बेल नाही मारली कुणी?

ड्रायव्हर : मारली असेल. मला ऐकू आली नाही. एक आजीबाई धरत धरत पुढे आल्या. म्हटलं, आता आपली खैर नाही. तर म्हणाल्या, ‘माझा स्टॉप मागे राहिला रे बाबा. पण हे गाणं संपू दे, मग थांबव.’

बाई : तक्रार वहीत लिहिली का त्यांनी?

ड्रायव्हर : उतरताना खांद्यावर थोपटलं.

बाई : बरं.

ड्रायव्हर : डोळे पुसत चालवत होतो. समोरचं सगळं धूसर. ऊन पडलं होतं आणि मी वायपर लावायला गेलो. तेव्हा घाबरलो. मागे पंचावन्न माणसं होती, बाई. अशा माणसाच्या हातात गाडी देऊ नये कुणी. म्हणून किल्ली दिली.

बाई : ते शहाणपणाचं केलंत. पाणी घ्या. भांडं स्वच्छ आहे, मी मघाशीच विसळलंय.

ड्रायव्हर : असू द्या.

बाई : घ्या म्हणते ना. आता माझी अडचण ऐका. दुखवट्याची रजा फक्त सख्ख्या नात्यासाठी. हा कागद मी वर पाठवला तर साहेब तुम्हाला नाही, मला बोलावतील. ‘बाई, तुमचा चष्मा बदला,’ म्हणतील.

ड्रायव्हर : वडील गेले तेव्हा मी किती रजा घेतली होती, बघा तुमच्याकडे.

बाई : थांबा, फाईल इथेच आहे. एक दिवस. वडिलांना एक दिवस, आणि या झिपऱ्याला तीन?

ड्रायव्हर : वडिलांवर जीव होता माझा. पण वडील गेले तेव्हा काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. शेजारी आले, नातेवाईक आले, माझ्याजवळ बसले. कुणी डोक्यावरून हात फिरवला. आज मी कुणाजवळ जाऊन बसू? बायकोला मघाशी फोन केला. ‘अगंबाई, गेला का,’ म्हणाली आणि डबा खाल्ला का ते विचारलं. तिचं काही चुकलं नाही. तिचा कुठे होता तो.

बाई : म्हणजे तुम्ही अंत्यविधीला निघालात?

ड्रायव्हर : छे. तिथवर पोचायला दोन दिवस. आणि गर्दीत मागे उभं राहून मला काय दिसणार? धाकट्याकडे जायचंय, दोन तासांवर राहतो तो.

बाई : म्हणजे तुमच्या भावाकडे. तो आजारी आहे?

ड्रायव्हर : नाही. त्यालाही आज कुणाजवळ बसावं ते कळत नसेल.

बाई : मग जा की संध्याकाळी, पाळी संपल्यावर. दोन तासांचा रस्ता. रजा कशाला?

ड्रायव्हर : नऊ वर्षं बोलत नाही आम्ही.

बाई : भांडण?

ड्रायव्हर : भांडण झालं असतं तर मिटलं असतं. सांगू का? तुम्हाला कामं असतील.

बाई : कामं कुठे पळून जात नाहीत. सांगा.

ड्रायव्हर : लहानपणी त्याच्या गाण्याचे शब्द आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. एक ओळ ऐकायची, बंद करायचं, लिहायचं. भूगोलाची वही मागून भरलेली. एका गाण्यात तर ‘साखळी’ होतं तिथे आम्ही अकरा वर्षं ‘सावली’ म्हणत होतो. दोघांनी ठरवलं होतं, एकदा तरी त्याला समोर बसून ऐकायचं. दोघांनी मिळून, एकट्यानं नाही. आणि नऊ वर्षांपूर्वी तो इथे आला. आपल्या मोठ्या मैदानावर.

बाई : आठवतंय. तीन दिवस आपले मार्ग बदलले होते.

ड्रायव्हर : तिकिटं मी काढली. माझ्या खिशात. धाकटा तिकडून येऊन गेटवर थांबणार, मी इथून जाणार. माझी दुपारची पाळी होती, ती मी दुसऱ्या ड्रायव्हरला तोंडी सांगून बदलून घेतली होती. ऐन वेळी त्याचं मूल तापानं फणफणलं, दवाखान्यात न्यावं लागलं. गाडी माझ्याच गळ्यात पडली.

बाई : तोंडी कशाला? अर्ज करायचा. मी दिली असती रजा.

ड्रायव्हर : कारण लिहावं लागलं असतं. चाळिशी आलेली, दोन मुलांचा बाप. ‘गाणं ऐकायला जायचंय’ असं लिहायची लाज वाटली मला.

बाई : हं.

ड्रायव्हर : आणि माझा मार्ग त्या मैदानावरूनच. तीन वेळा गेलो त्या संध्याकाळी. फोन इथे लॉकरमध्ये. दुसऱ्या फेरीला तो मला दिसला. गेटशी उभा, इस्त्रीचा शर्ट, टाचा उंच करून गर्दीत बघत होता. मी हात हलवला. त्यानं बसकडे बघितलंच नाही. मी बसमधून येईन असं त्याला कुठे वाटणार.

बाई : खिडकीतून तिकीट द्यायचं.

ड्रायव्हर : स्टॉप पुढच्या चौकात होता. मध्येच गाडी थांबवता येत नाही.

बाई : नाही येत.

ड्रायव्हर : अर्ध्या मिनिटाचं काम होतं, बाई. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि काढला.

बाई : आणि तो?

ड्रायव्हर : रात्री घरी आलो तर तो ओट्यावर बसलेला. काही बोलला नाही, फक्त बघत होता. मला इतकी लाज वाटली, की माफी मागायची ती सोडून मी म्हणालो, ‘आपण काय आता पोरं आहोत का?’ तो उठला, चप्पल घातली आणि गेला. त्यानंतर लग्नकार्यात समोरासमोर आलो तर ‘कसं काय, बरं आहे,’ एवढंच.

बाई : आणि म्हणून तुम्ही पोटदुखी लिहीत नाही.

ड्रायव्हर : नाही लिहीत. नामंजूर करा हवं तर, पण खरं ते राहू द्या त्यावर.

बाई : मला जरा तुमची शिल्लक बघू द्या. अहो, तुमच्या अर्जित रजा दोनशे चाळीस दिवस पडल्यात. कुणासाठी साठवताय?

ड्रायव्हर : कधी घ्यावी असं सुचलंच नाही.

बाई : अर्जित रजेला मयत लागत नाही. दोन दिवस आधी कळवावं लागतं, पण डेपोला गरज असेल तर ती अट मी शिथिल करू शकते. आणि रडणारा ड्रायव्हर घरी जावा ही डेपोची गरजच आहे. कारणाचा रकाना रिकामा ठेवला तरी चालतं.

ड्रायव्हर : रिकामा नको.

बाई : नका ठेवू. बघा, खाली मी लिहिते, ‘चालक वाहन चालवण्याच्या मनःस्थितीत नाही, कारण खरे आहे, रजा मंजूर करावी.’ ही माझी सही. साहेबांचं मी बघते. भावाला कळवलंय का, येतोय म्हणून?

ड्रायव्हर : माझा फोन नाही उचलणार तो. सरळ दारात जाऊन उभा राहीन.

बाई : आणि तो कामावर असला म्हणजे? करतो काय?

ड्रायव्हर : लिफ्ट दुरुस्त करतो.

बाई : मग अनोळखी नंबर नक्की उचलत असेल. कुणीतरी अडकलेलं असायचं. सांगा नंबर, ऑफिसच्या फोनवरून लावते. तोंडपाठ आहे ना?

ड्रायव्हर : तोंडपाठ आहे.

बाई : वाजतोय. घ्या. मी या फायली चाळत बसते, मला काही ऐकू येत नाही असं समजा.

धाकटा (फोनवर) : हां, बोला. कितव्या मजल्यावर अडकलीय?

ड्रायव्हर : ...

धाकटा : हॅलो. घाबरू नका, बटणं दाबत राहू नका. आत किती जण आहात?

ड्रायव्हर : एकच.

धाकटा : कोण बोलतंय?

ड्रायव्हर : मी.

धाकटा : दादा?

ड्रायव्हर : हो.

धाकटा : हा नंबर कुठला?

ड्रायव्हर : ऑफिसचा. माझा तू उचलला नसतास.

धाकटा : नसता उचलला.

ड्रायव्हर : कळलं का तुला?

धाकटा : सकाळीच. हातात ग्रीसचा डबा होता, तो घेऊन तसाच जिन्यात बसलोय. वरून लोक ओरडतायत लिफ्ट कधी चालू होणार म्हणून. म्हटलं, पाय दिलेत ना देवानं.

ड्रायव्हर : त्या दिवशीचं चुकलं माझं.

धाकटा : तिकिटांचं?

ड्रायव्हर : तेही. पण घरी आल्यावर जे बोललो, ते जास्त. तुझं तोंड बघवेना, म्हणून शहाण्यासारखं काहीतरी बोललो.

धाकटा : नऊ वर्षं लावलीस.

ड्रायव्हर : लावली.

धाकटा : मला ऐकू आलं होतं, दादा.

ड्रायव्हर : काय?

धाकटा : तो. सगळा कार्यक्रम. गेटवरून हाकललं, तर मी मैदानाच्या मागे गेलो, जनरेटर होता तिथे. भिंतीला टेकून उभा होतो. घरघरीतून निम्मं ऐकू यायचं, निम्मं मला पाठच होतं. आपलं ते गाणं त्यानं शेवटी घेतलं. आणि दुसऱ्या कडव्यात शब्द विसरला.

ड्रायव्हर : झिपऱ्या? स्वतःच्या गाण्यात?

धाकटा : स्वतःच्या गाण्यात. थांबला, हसला, म्हणाला, माफ करा मंडळी, वय झालं. आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं. म्हणजे ते गाणं मी दीड वेळा ऐकलं. भिंतीमागे एकटाच हसत होतो. जनरेटरवाल्यानं मला वेड्यात काढलं. आणि मला एवढंच वाटत होतं, कधी एकदा दादाला सांगतो. म्हणून ओट्यावर बसलो होतो तुझी वाट बघत.

ड्रायव्हर : चिडून नव्हतास बसला?

धाकटा : गेटवर चिडलो होतो. ते गाण्यानंतर गेलं. सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तू ते बोललास.

ड्रायव्हर : नंतर कुणाला सांगितलंस?

धाकटा : कुणाला सांगणार? बायकोला कोण तो माहीत नाही. मित्र म्हणतील, भिंतीमागून काय ऐकलंस.

ड्रायव्हर : मला सांग. सगळं पहिल्यापासून. कुठलं गाणं आधी घेतलं, काय बोलला, सगळं.

धाकटा : फोनवर नाही सांगता यायचं.

ड्रायव्हर : मी येतोय. तीन दिवस रजा घेतलीय.

धाकटा : कसली रजा?

ड्रायव्हर : झिपऱ्या गेला म्हणून.

धाकटा : असं लिहून दिलंस? कागदावर?

ड्रायव्हर : कागदावर.

धाकटा : आणि दिली त्यांनी?

ड्रायव्हर : बाईंनी दिली. इथेच बसल्यात. फाईल उलटी धरलीय त्यांनी.

धाकटा : त्यांना नमस्कार सांग. कधी पोचशील?

ड्रायव्हर : बाराची गाडी मिळेल. दोनपर्यंत येतो.

धाकटा : मी ही लिफ्ट चालू करून घरी जातो. दाराचा रंग बदललाय, आता निळा आहे. बेल लागत नाही, हातानं वाजव.

ड्रायव्हर : बरं.

धाकटा : दादा.

ड्रायव्हर : बोल.

धाकटा : उशीर झाला तरी चालेल. जेवून येऊ नकोस.