आभार मानताना घेतलेलं नाव

मी मोरिवलीचा. आमची भातशेती होती म्हणतात, मी पाहिली नाही, माझ्या जन्माआधीच ती कारखान्यांत गेली. वडील सांगायचे, साहेब लोक आले, आमच्या खाटेवर बसून चहा प्यायले आणि बोलले घरटी एकाला कायमची नोकरी, म्हणून वडिलांनी अंगठा दिला, आणि मग नोकरी कसली, कंत्राटदाराकडे गोण्या उचलल्या आयुष्यभर. त्यामुळे त्यांनी मला एकच शिकवलं, बाबू, अक्षर चांगलं ठेव. ते मात्र मी ठेवलं. गावात कुणाचा नळ, कुणाचं रेशनकार्ड, कुणाची तुंबलेली गटार, सगळे अर्ज माझ्याकडे. ठाण्याला औषधांच्या गोदामात चलनं लिहायचं काम लागलं तेही अक्षरावरच. मग आमच्या स्टेशनावर प्रवाशांची संघटना निघाली तेव्हा चिटणीस कोणाला केला, ते काय सांगू तुम्हाला.

स्टेशनचं नाव लिहू नका. आणि ज्या बाईबद्दल मी आता बोलणार आहे तिचं तर मुळीच लिहू नका. ताई म्हणा. मी तिचं नाव एकदा घेतलं तेवढं पुरे झालं.

पूर्वेच्या बाजूला तिकिटाच्या तीन खिडक्या, त्यातली उघडी एक, आणि त्या एकीत ताई. पासाचे दिवस आले की रांग पार रिक्षा स्टँडपर्यंत जायची, तिकीट हातात पडेपर्यंत गाडी गेलेली असायची, आणि पुढची रद्द झाली हे आधी कोणी सांगायचं नाही, सांगायलाही माणूस नको का. मग सगळा राग त्या जाळीवर. ओ मॅडम, झोपल्या काय. अरे हात चलाओ ना. मी पण ओरडलोय, खोटं कशाला बोलू, मॅडम स्वेटर विणताय काय, असं मी बोललोय आणि मागचे हसले म्हणून मला बरं वाटलंय. एकदा खिडकीत पाच मिनिटांत येते अशी पाटी होती, मी तडक तक्रारवही मागितली आणि बारा ओळी लिहिल्या, सुवाच्य.

दुसऱ्या दिवशी तिने मला जाळीतून हाक मारली. दादा, अक्षर छान आहे हो तुमचं. मग हे पण लिहा ना, की मी सकाळपासून एकटी आहे आणि बाथरूमला जायला मला पाटी लावावी लागते. मागून एक पोरगी ओरडली, काका, गप्पा घरी मारा. मी बाजूला झालो. मान वर करवत नव्हती.

तिथून ओळख झाली. दसऱ्याला आम्ही खिडकीला झेंडूचं तोरण लावायचो, ती आम्हाला आतून आपट्याची पानं द्यायची. तिचं घर कात्रपला, सासू अंथरुणाला खिळलेली, बरीच वर्षं लांब नोकरी केल्यावर तिला ही जवळची जागा मिळाली होती. तिने मला समजावलं की कागदावर जागा तीन, त्यातला एक निवृत्त झाला, एकाला दुसऱ्या स्टेशनला धाडलं, आणि तिसरी ती. एके दिवशी तिने ड्युटीचा तक्ता आणून दिला, कोणत्या दिवशी कोण होतं, कोणत्या दिवशी तिने लागोपाठ दोन पाळ्या केल्या, सगळं. बोलली, दादा, हे बघून तुमच्या शब्दांत अर्ज लिहा आणि कागद मला परत द्या, आणि मी दिला हे कोणाला बोलू नका. मी बोललो, ताई, मेलो तरी नाही. हेच शब्द.

अर्ज असा झाला की अध्यक्ष वाचून बोलले, वकील पण असा लिहिणार नाही. आम्ही काळ्या फिती लावणार असं शेवटी टाकलं होतं. रेल्वेच्या वरच्या साहेबांनी बोलावून घेतलं, चहा दिला, आणि बोलले, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, महिनाभरात दोन माणसं देतो, फिती कशाला लावता. झालं. आम्ही फिती रद्द केल्या आणि साहेबांचा सत्कार ठरवला. माणसं यायच्या आधी सत्कार, बघा तुम्ही. शाल आणायला मीच कॅम्प एकच्या बाजारात गेलो, सिंधी दुकानदार बोलला, साईं, साहब के लिए है तो भारीवाली ले जाओ, काम पक्का होगा. भारीवालीच आणली.

शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. साहेबांनी माइकवर परत तोच शब्द दिला, दोन माणसं. आभारप्रदर्शन माझ्याकडे. आता आपल्याकडे आभारप्रदर्शन म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, एक नाव राहिलं तर तो माणूस वर्षभर बोलत नाही. म्हणून मी मंडपवाल्यापासून खुर्च्या लावणाऱ्यापर्यंत सगळे घेतले. आणि शेवटी बघतो तर ताई दाराजवळ उभी, ड्युटी संपवून आलेली, तिला बसायला खुर्ची पण नाही. मला भरून आलं. वाटलं, जिच्यामुळे हे सगळं झालं तिचंच नाव राहिलं तर आपण माणूस कसले. आणि मी बोललो, ज्यांनी स्वतः ड्युटीचा तक्ता आपल्या हाती दिला म्हणून आपल्याला खरी परिस्थिती कळली, त्या आपल्या, आणि पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट.

टाळ्या झाल्या. साहेबांनी पण वाजवल्या, हसून. तिने वाजवल्या नाहीत. मला वाटलं लाजली.

पंधरा दिवसांत तिची बदली झाली. दीड-दोन तास लांब. कारण काय तर प्रशासकीय. आणि दोन माणसं येणार होती तिथे तिच्याही खिडकीवर कागद चिकटवला, कर्मचाऱ्यांअभावी बंद. बाजूला तिकिटाचं मशिन बसवलं. मी साहेबांकडे गेलो, त्यांनी परत चहा दिला, बोलले, अहो, सोय हवी होती ना तुम्हाला, सोय दिली, कर्मचाऱ्यांचा विषय आमच्या घरातला आहे. त्यांच्या खुर्चीच्या पाठीला आमची शाल होती. मी तो चहा प्यायलो, हेही लिहा. वडिलांसमोर बसून साहेब चहा प्यायले होते, मी साहेबांसमोर बसून प्यायलो, फरक तेवढाच.

संघटनेत बोललो, आता ताईसाठी फिती लावू. अध्यक्ष बोलले, एका बाईसाठी गाव उठवायचं का, आणि नाव घ्यायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, तुमचं अक्षर चांगलं आहे हो, तोंड नाही. ज्यांच्या पासासाठी ती उपाशी बसली होती ते सगळे खाली बघत होते. घरी बायको बोलली, तुम्ही आभार मानायला गेलेलात का चुगली करायला. त्या रात्री मी जेवलो नाही, पण त्याने ताईचं काय होणार.

मी तिला फोन केले, तिने उचलले नाहीत. मग मी काय केलं, रोज सकाळी कामावर जायच्या आधी अर्धा तास त्या मशिनजवळ उभा राहायला लागलो. म्हाताऱ्या माणसांना त्यातलं काय कळतं, बोट लावलं की भलतंच स्टेशन येतं. मी काढून द्यायचो. लोक दुवा द्यायचे, मला वाटायचं पाप थोडं फिटतंय. मोरिवलीच्या चंदरमावशी तर दर सोमवारी लेकीकडे डोंबिवलीला जाताना माझ्याच नावाने हाका मारत यायच्या.

आणि गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. तिने परत इथे यायला बदलीचा अर्ज केला होता, त्यावर उत्तर आलं की या ठिकाणी गरज नाही, पूर्वेकडच्या तक्रारी बंद झाल्या आहेत. ती बोलली, दादा, तक्रारी का बंद झाल्या ते मला तिथल्या हमालाने सांगितलं. तुम्ही तिथे फुकट उभे राहता तोवर माझी गरज कोणाला पडणार. मी बोललो, ताई, मी अर्ज लिहून देऊ का. ती बोलली, नको, अर्ज मी लिहीन, तुम्ही फक्त बाजूला व्हा. रागाने नाही बोलली हो. रागाने बोलली असती तर सोपं होतं.

परवा सोमवारी मी मशिनपासून लांब, खांबाजवळ उभा राहिलो, हात खिशात घालून. मावशी आल्या. आरं, काढ ना तिकीट. बोललो, मावशी, आज नाही, खिडकीवर जा. त्या बोलल्या, खिडकी तं बंद हाय. बोललो, मग आत मास्तरांना विचारा का बंद आहे, तक्रारवही मागा. मला लिवता येतं का मुडद्या. बोललो, मावशी, बोलता तर येतं ना. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कोणी दारातून हाकलल्यावर बघतात, आणि काठी आपटत स्टेशन मास्तरांच्या खोलीकडे निघाल्या. गाडीची घोषणा झाली तरी मागे फिरल्या नाहीत. मागून अजून दोघी गेल्या.

मला आता कोणाकडून आशीर्वाद नको. पण मी तिथेच खांबाजवळ उभा राहून देवाला बोललो, बाबा रे, त्या म्हातारीच्या आवाजाला बळ दे. आतून तिचं ओरडणं ऐकू यायला लागलं तेव्हा माझी गाडी लागली होती. ती मी जाऊ दिली.