म्हैस आणि मानसशास्त्र

मी घसा फोडून सांगत होते, पण घरात एकालाही माझं पटेना. माझा सांगलीतला भाऊ येऊन सांगून गेला होता, "ताई, स्वातीला सांगलीत मानसशास्त्राला घाल. पास झाली की लाखाचा पगार. ऱ्हाईल माझ्याकडंच."

लेक खूश, नवरा खूश. फीसाठी म्हैस विकायचं ठरलं. मी म्हटलं, "आवं, म्हैस घेताना आधी धार काढून बघता, आन् डिग्री न बघताच घेता व्हय?"

"चौथी शिकलेलीला काय कळतंय त्यातलं?" नवरा म्हणाला.

मी लेकीला घेऊन थेट सांगलीचं कॉलेज गाठलं. तिथल्या मॅडमना म्हटलं, "हे शिकून कमावतंय असं एक माणूस दाखवा."

"मीच की, मावशी. पण नुसत्या बी.ए.वर भागत नाही, पुढं शिकावं लागतं. मला अजून तासावरच पैसे मिळतात."

"मग लाखाचा पगार?"

"आम्ही नाही बाई सांगितला. काल या मुलीचे मामा आले होते, त्यांनीही पगाराचं विचारलं नाही. तास कितीला सुटतात, एवढंच विचारलं. दुपारनंतर त्यांच्या गुळाच्या दुकानात बसायला कुणी नाही म्हणाले."

म्हैस अजून दावणीलाच हाय. बाजारात विकायला कुणाला न्यायचंच झालं, तर माझ्या सख्ख्या भावाला, तानाजीला नेईन.