विरजण शेजारी ठेवावं

बुक्का लागला, हार गळ्यात पडला. मघाशी कीर्तनाच्या पूर्वरंगात तत्त्वज्ञान सांगत होतो तेव्हा चार मंडळी पेंगत होती, तीही आता ताठ बसली — कारण गोष्ट आली! पेटीवाले, सूर हळू धरून ठेवा. मंडळी, ऐका!

आधी मला एक सांगा. आपली मोलाची वस्तू सगळ्यात सुखरूप कुठे राहते? बोला की! — "तिजोरीत!" बरं. — "देवघरात!" छान. — काय म्हणता आजी? "कमरेच्या पिशवीत!" आजी, तुम्हाला दंडवत! तिथे हात घालायची चोराची छाती नाही, आणि तुमच्या मुलाचीही नाही! पण मंडळी, यातलं एकही उत्तर बरोबर नाही. बरोबर उत्तर मिरजेच्या भालचंद्रराव कुरुंदवाड्यांना सापडलं, आणि ते सापडेपर्यंत बिचाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

भालचंद्रराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सरळ माणूस. व्यसन नाही, भानगड नाही. खोड एकच — आपलं ते आपल्यापाशी! शेजाऱ्याला पेपर द्यायचे नाहीत. का? घडी मोडते! शिडी द्यायचे नाहीत. का? पायऱ्या झिजतात! हसू नका, दुसऱ्या रांगेत कुणीतरी बायकोकडे बघून हसलं, ते मी बघितलंय!

घरात पत्नी इंदूताई आणि आई, आक्का. गल्लीत कुणाचंही बारसं असो, पाळणा म्हणायच्या त्या आक्का! स्वतः रचलेला पाळणा. असा —

कृष्णाकाठची गार गार वाळू,
पाऊल टाक रे राजसा हळू,
जो जो रे बाळा, जो जो!

भालचंद्ररावांनी हा पाळणा फार वर्षांपूर्वी घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवला. आक्का ऐन रंगात, आणि मध्येच काय झालं? आक्का ओरडल्या — "अरे भालू, दूध उतू चाललंय, ऊठ मेल्या!" — आणि लगेच पुन्हा "जो जो रे बाळा"! तेही रेकॉर्ड झालं. आणि गेल्या हिवाळ्यात आक्कांना असा खोकला झाला, की घशातला सूरच गेला. आता बोलायच्या त्या कुजबुजत. पाळणा उरला तो फक्त त्या जुन्या डब्यात.

त्याच्याही आधी शेजारच्या जंगमवहिनी आल्या होत्या. "भाऊजी, आमच्या नातीला आक्कांचा पाळणा हवा. एक कॉपी द्या ना." भालचंद्रराव काय म्हणाले असतील? "माझ्या आईचा आवाज आहे वहिनी, जत्रेतली शेव नव्हे सगळ्यांनी मूठ मूठ घ्यायला!" वहिनी आल्या पावली परत गेल्या. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बेताचंच.

आता झालं काय — भालचंद्ररावांची लेक मुक्ता बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला! बारशाचा दिवस ठरला. जावई सैन्यात, लेहला. रजा नाही. मग ठरलं, जावयांनी कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावरून बारसं बघायचं, आणि पाळणा लावायचा आक्कांच्या आवाजातला. पण कॉम्प्युटर जुना! जावयाचा चेहरा दिसेना, आणि रोज पडद्यावर सूचना — तुमची ऑपरेटिंग सिस्टीम म्हातारी झाली, हिला आता सुरक्षा मिळणार नाही, नवी घाला!

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय हो? घरातला कारभारी! चाव्या त्याच्याकडे, कुणाला आत घ्यायचं ते तोच ठरवणार. कारभारी थकला की चोराचं फावतं. तेव्हा बदलायला हवा, हे खरं. पण कसा?

तांबोळींची शमीम कॉम्प्युटर दुरुस्त करते, तिला बोलावलं. तिने डबा उघडला, मेमरी वाढवून दिली, म्हणाली, "काका, आता झेपेल याला. पण बसवायच्या आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. नुसत्या घेऊ नका, उघडून बघा, वाजवून बघा. मग ती डिस्क काढून कपाटात ठेवा. मधे लाइट गेली तर घोळ होईल, तेही बघा. आणि बसवायच्या दिवशी मला हाक मारा."

किती सोपं! पण भालचंद्ररावांच्या कानात एकच शब्द अडकला — बाहेरची! बाहेरची डिस्क म्हणजे वस्तू बाहेर! आज डिस्कवर, उद्या गल्लीत! छे! त्यांनी काय केलं, कॉम्प्युटरमध्येच सी आणि डी असे दोन भाग होते, सी मधला पाळणा डी मध्ये ठेवला. झालं जतन! अहो, सी म्हणजे माजघर आणि डी म्हणजे कोठीची खोली. घर एकच! घराला आग लागली तर कोठी काय काशीला गेलेली असते?

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून भालचंद्रराव बसले. शमीमला हाक? नाही! नवी सिस्टीम म्हणाली, जागा पुरत नाही. यांनी यादी बघितली आणि दिसतील ते भाग एकेक करून पुसायला निघाले. यंत्राने विचारलं, काढून टाकू? "हो!" — खात्री आहे? "हो!" — यातलं सगळं जाईल! "हो, हो, हो!" मंडळी, लग्नात भटजीसुद्धा इतक्यांदा विचारत नाहीत! आणि वाचलं का यांनी? नाही. आपण वाचतो का? आपणही नाही.

दुपारपर्यंत कॉम्प्युटर नवरदेवासारखा सजून उभा! लखलखीत पडदा. जावयांना फोन लावला — आहाहा, नाकावरचा तीळसुद्धा दिसतोय! भालचंद्रराव खूश. म्हणाले, आता पाळणा वाजवून बघू. डी उघडायला गेले... आणि डी कुठाय? डी नाहीच! कोठीची खोली भिंतीसकट गेली!

शमीम धावत आली. बघितलं, आणि हळूच म्हणाली, "काका, आता याला हात लावू नका, बंद ठेवा. मी प्रयत्न करते. पण त्याच जागेवर नवं बसलंय, मी शब्द देणार नाही."

भालचंद्ररावांनी कॉम्प्युटर बंद केला. आतल्या खोलीत आक्का पणतवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, ओठ हलत होते, आवाज नव्हता. ते बघून भालचंद्ररावांना रडूच फुटलं हो. "इंदू, माझ्या आईचा आवाज मी माझ्या हाताने पुसला गं!"

इंदूताई कणीक मळत होत्या. हात धुतले, पदराला पुसले, समोर येऊन उभ्या राहिल्या. "अहो, आपल्याकडे दही नासलं तर आपण काय करतो?"

"दही? तुला दही सुचतंय?"

"सांगा तर!"

"शेजारून विरजण आणतो."

"शेजारी कुठून येतं?"

"आपणच कधीतरी दिलेलं असतं..."

"हां! तुम्ही जंगमवहिनींना नाही म्हणालात ना, त्याच दुपारी तुमचा डोळा लागल्यावर मी शमीमला हाक मारून, कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घालून, पाळणा पेनड्राइव्हवर घेतला. विरजणाच्या कोरड्या वाटीत ठेवला, वर झाकणी घातली, आणि नेऊन दिला वहिनींना. तुमच्यासमोरून गेले! तुम्हाला वाटलं, विरजण आणायला निघाले; म्हणालात, दही जरा गोडच लागू दे हां!"

भालचंद्रराव उठलेच. "मग जा ना, आण ना!"

"मी नाही जायची. नाही म्हणणारे तुम्ही, मागायलाही तुम्हीच जा."

आता आली का पंचाईत! दोन दारांमध्ये जेमतेम तुळशीवृंदावनाएवढं अंतर, पण भालचंद्ररावांना ते चालवेना. शेवटी कडी वाजवली. जंगमवहिनींनी दार उघडलं. हे उंबऱ्याबाहेरच उभे. कसेबसे म्हणाले, "वहिनी, ती... विरजणाची वाटी..."

वहिनींनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं समजल्या. कोंडीत धरलं असतं तर? हक्कच होता! पण म्हणाल्या काय, "या भाऊजी, बसा. पेनड्राइव्ह पोतदारांच्या सुनेकडे आहे. तिच्याकडून बहुतेक कोष्ट्यांकडे गेला. पण घाबरू नका, माझ्या फोनमध्ये आहे की! ऐका." आणि वाजवला! तोच सूर, तीच वाळू, तीच आक्का!

भालचंद्ररावांनी डोळे पुसले. "वहिनी, म्हणजे गल्लीत किती जणांकडे आहे हा?"

"असं विचारा, कुठलं बाळ याच्याशिवाय झोपलंय!"

दुसऱ्या दिवशी बारसं. पाळणा सजला, पडद्यावर जावई टोपी घालून हजर. या खेपेला पाळणा कॉम्प्युटरवर घेतला, बाहेरच्या डिस्कवर घेतला, आणि शमीमसमोर वाजवूनसुद्धा बघितला! भालचंद्रराव बटण दाबणार, इतक्यात जंगमवहिनींनी सूर लावला, आणि गल्लीतल्या साऱ्या बायका एका आवाजात —

कृष्णाकाठची गार गार वाळू,
पाऊल टाक रे राजसा हळू...

आणि मंडळी, पुढे काय झालं असेल? रेकॉर्डिंग ऐकून ऐकून पाठ केलेलं त्यांनी! त्यांना वाटलं, पाळण्यातलंच कडवं आहे ते! एका ठेक्यात, सगळ्या जणी —

अरे भालू, दूध उतू चाललंय, ऊठ मेल्या!
जो जो रे बाळा, जो जो!

इंदूताईंनी पदर तोंडात धरला. लेहला जावई खुर्चीवरून पडायचे राहिले. आणि गल्लीतली सगळी पोरं या माणसाच्या नावाने शिव्या ऐकत झोपली, हे या माणसाला तेव्हा कळलं! भालचंद्रराव हसत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आक्कांनी त्यांना जवळ बोलावलं, कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजल्या, "इतक्या जणी सांगतायत, तरी मेला अजून उठत नाही!"

आता मंडळी, तुमच्याकडे वळतो. माझंच एक कडवं ऐका. उगाच कुठल्या संताचं नाव लावू नका, माझ्याच पदरी पाप राहू दे —

झाकिले ते नासले। राखिले ते पुसले।
वाटिले ते राहिले। घरोघरी॥

जुना कारभारी बदला, जरूर बदला! पण आधी बाहेर प्रत ठेवा, ती उघडून बघा, आणि यंत्र विचारतं तेव्हा वाचून मग हो म्हणा. हे झालं कॉम्प्युटरचं. आणि हा देह? हाही एक दिवस बदलायचाच आहे हो! तेव्हा कुणी विचारणारही नाही, खात्री आहे का म्हणून. तुमच्या आईची चटणी, वडिलांची गाठ मारायची रीत, तुमच्या गळ्यातलं गाणं — याची प्रत कुणाकडे आहे? सांगा ना! आज घरी जाताना एक तरी गोष्ट शेजारच्या दारात ठेवून जा.

चला, उभे राहा, टाळ घ्या, देवाला निरोप देऊ. आणि मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही मघापासून चुळबुळताय — तुम्ही आरतीला थांबू नका, जा! दूध गॅसवर ठेवून आलाय ना?