फोटोचा डबा

दवाखान्यात नंबरची वाट बघत माझ्या शेजारी दोन आया बसल्या होत्या.

"तुमच्या लेकीचा डबा काय सुंदर असतो हो! बाई रोज वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकतात."

"अहो, तो फोटोचा डबा. खायचा वेगळा, दप्तराच्या तळाशी."

"त्यात काय असतं?"

"बिस्किटं. दुसरं काही घशाखाली उतरत नाही बयेच्या."

"आणि फोटोतली ती फळं?"

"संध्याकाळी परत फ्रीजमध्ये. आमच्याकडे एक सफरचंद आठवडाभर पुरतं."

"बाईंना कळत नाही?"

"कळतंय कसलं! परवा सकस डब्याचं पहिलं बक्षीस दिलं त्यांनी."

"मग आज इथे कशा?"

"रक्त कमी निघालंय तिचं. डॉक्टरांनी विचारलंय, पोरगी रोज खाते तरी काय?"

"मग काय सांगणार?"

"सांगायचं कशाला? महिनाभराचे फोटो आणलेत की!"