एकाच बाईच्या तीन पिशव्या

निशिगंधा : पाठवलीस म्हणजे? कुठे पाठवलीस तिला?

गोदूबाई : माहेरी, अलोऱ्याला. भाऊ येऊन घेऊन गेला मंगळवारी.

निशिगंधा : आई, आज शुक्रवार आहे. मी रोज फोन करून विचारते, वेदिका कशी आहे, आणि तू रोज सांगतेस, झोपलीय.

गोदूबाई : मग? तिकडे झोपलीच असेल. मी खोटं कुठे बोलले?

निशिगंधा : रत्नागिरीहून रजा टाकून मी पावसला आले ती तुझ्या सुनेला डॉक्टरकडे न्यायला! हर्षदला तरी ठाऊक आहे का, त्याची बायको घरात नाही ते?

गोदूबाई : तो बोटीवर. भर समुद्रात त्याच्या जिवाला घोर कशाला? रेंज मिळाली की विचारतो, वेदिका कुठाय. मी सांगते, आंघोळीला गेलीय.

निशिगंधा : चार दिवस आंघोळ!

गोदूबाई : तुला बोलायला काय जातंय. आंब्याची आढी लावायला सात बायका आलेल्या. त्यांच्यासमोर तिने जेवणाचं ताट माझ्या पायाशी भिरकावलं. म्हणाली, ह्या बाईने डाळीत विष कालवलंय. ह्या बाईने! नऊ वर्षं मला आई म्हणत आलेली मुलगी.

निशिगंधा : ती आजारी आहे.

गोदूबाई : आजारी मीपण पडते. मी नाही ताटं फेकत. आणि मनाच्या डॉक्टरच्या गोळ्या दिल्या की महिनाभर. झोप तेवढी लागली. भिंतीशी बोलायची ती बोलतच राहिली. म्हटलं, जा बाई, थोडे दिवस आपल्या माणसांत राहा.

निशिगंधा : तिचे कागद कुठे आहेत?

गोदूबाई : कपाटात. तीन पिशव्या आहेत. कुठली हवी?

निशिगंधा : तीन कशाला?

गोदूबाई : एक तोंडाची, एक सांध्यांची, एक डोक्याची.

निशिगंधा : तोंडाची म्हणजे काय?

गोदूबाई : गालांवर लाल चट्टे उठले होते ना तिच्या. आंब्याचा चीक लागला, दुसरं काय? आंबा उतरवायच्या दिवसांत कुणाला उठत नाही? मलम दिलं डॉक्टरने.

निशिगंधा : कधी उठले?

गोदूबाई : दिवाळीच्या सुमारास.

निशिगंधा : आई, दिवाळीत आंबा कुठून आला?

गोदूबाई : डॉक्टरकडे गेलो शिमग्यानंतर. मी म्हटलं, आंब्याचं घर आमचं, चीक असेल. तो म्हणाला, असेल. आता माणूस शिकलेला, मी त्याच्याशी भांडू?

निशिगंधा : धन्य आहे. आणि सांधे?

गोदूबाई : पेट्या उचलून उचलून बोटं धरली. सकाळी मूठ वळायची नाही तिची. वेणी मीच घालायचे. वेणी कसली, केस राहिलेत कुठे? कंगव्यात नुसते पुंजके.

निशिगंधा : आणि हे तू कुणाला सांगितलंस?

गोदूबाई : विचारलं कुणी? सांध्यांच्या डॉक्टरने सांध्यांचं विचारलं. डोक्याच्या डॉक्टरने तिला विचारलं, सासूशी पटतं का. आणि मी बाहेर बाकावर बसलेली, दार उघडं!

निशिगंधा : थांब. तोंडात फोड आले होते का?

गोदूबाई : आले होते की. घास घेतला की आग व्हायची तिची. तेव्हापासूनच तर म्हणायला लागली, डाळीत काहीतरी आहे. संध्याकाळी पाय सुजायचे. पैंजण रुतायला लागले, ते मीच काढून ठेवले. एकदा म्हणाली, लघवीला फेस येतो. म्हटलं, पाणी पी जास्त.

निशिगंधा : आई गं! एवढं सगळं तुला ठाऊक, आणि ते तुझ्या पोटातच. हा रिपोर्ट बघ, सांध्यांच्या पिशवीतला. अंगात कुठे सूज धुमसतेय का, ते सांगणारा आकडा. वीसच्या आत असायला हवा, तो शहाण्णव आहे. पांढऱ्या पेशीही कमी. डोक्याच्या डॉक्टरने हा कागद बघितलाच नसणार.

गोदूबाई : कसा बघेल? दुसऱ्या पिशवीत होता ना.

निशिगंधा : लॅबमध्ये रोज शंभर माणसांचं रक्त बघते मी. आणि घरातलंच... मीही शहाणी, फोनवर ‘झोपलीय’ ऐकून गप्प बसले.

गोदूबाई : काय झालंय गो तिला?

निशिगंधा : मी डॉक्टर नाही. पण ह्या तिन्ही पिशव्या एकाच बाईच्या आहेत, एवढं कुणीतरी ध्यानात घ्यायला हवं. ड्रायव्हरला, रघूला सांग गाडी काढायला. मी अलोऱ्याला निघते.

गोदूबाई : इथे आणू नकोस तिला. सांगून ठेवते.

निशिगंधा : नाही आणत! बस एकटी आंबे मोजत!

(तीन आठवड्यांनी. रत्नागिरी, निशिगंधाचं घर. वेदिका आतल्या खोलीत पडून आहे. गोदूबाई नुकतीच एसटीने आली आहे.)

गोदूबाई : काय नाव म्हणालीस?

निशिगंधा : ल्युपस. कोल्हापूरला मोठ्या हॉस्पिटलात निदान झालं. रोगराईपासून आपली राखण करणारी शक्ती असते ना अंगात, ती आपल्याच अंगावर उलटते. बागेच्या राखणीला ठेवलेला कुत्रा घरच्यांनाच चावत सुटावा, तसं. कातडीला चावला, सांध्यांना चावला, मूत्रपिंडाला. हिच्या मेंदूलाही.

गोदूबाई : म्हणजे वेड नव्हतं.

निशिगंधा : आई, फोनवर मी—हो, फोन तू उचललासच कुठे!

गोदूबाई : म्हणजे गावात सांगता येईल, रक्ताचा आजार होता, डोक्याचा नव्हता.

निशिगंधा : डोक्याचाही होता! डोकं काय अंगाबाहेर असतं? मनाच्या डॉक्टरची गोळी चालू आहे अजून, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. ज्याला ज्याला भास होतात त्या सगळ्यांचं असंच असतं असंही नाही. हिचं हे निघालं, एवढंच.

गोदूबाई : बरी होईल ना?

निशिगंधा : आटोक्यात राहील. गोळ्या कायमच्या. पहिले काही दिवस तर बडबड वाढलीच तिची. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइडनेही होतं कधीकधी. मी तिथे एकटी. हर्षदची बोट कुठे तिकडे ब्राझीलला. आणि तू...

गोदूबाई : मी देवीला गाऱ्हाणं घालत होते.

निशिगंधा : तीन आठवडे सलग?

गोदूबाई : उचलून बोलू काय? तुला वाटतं मी दगड आहे. तिला आजार, मान्य. पण त्या सात जणींनी ऐकलं ना. शेजारची माझ्याकडून विरजण न्यायची, ती बंद झाली. आजार तिच्या रक्तात आणि नाव माझं गेलं. त्यावर आहे का गोळी तुमच्या कोल्हापुरात?

वेदिका : (आतल्या खोलीच्या दारात येऊन) आई.

गोदूबाई : जागी आहेस होय? चेहरा केवढा सुजलाय गो!

वेदिका : गोळ्यांनी. उतरेल म्हणतात.

गोदूबाई : उभी नको राहूस. बस.

वेदिका : आई, मला आठवतंय सगळं. ताई म्हणतात, सोडून दे, तो आजार बोलत होता. पण तोंड तर माझंच होतं ना. मी त्या बायकांना सांगेन, स्वतः जाऊन.

गोदूबाई : काही नको. परत तमाशा नको.

निशिगंधा : झालं! माफी मागितली तर तमाशा, नाही मागितली तर फोन उचलायचा नाही. तुला हवंय तरी काय, आई?

गोदूबाई : तू गप गो. तिला बोलू दे.

वेदिका : अजून एक आहे. ताईंनाही नाही सांगितलं.

निशिगंधा : आता काय?

वेदिका : भीती पूर्ण गेलेली नाही. ते खरं नाही हे मला कळतं. तरी घास उचलला की वाटतं. इथेही. ताईंनी जेवायला सुरुवात केली, की मग मी जेवते.

निशिगंधा : माझ्या हातचंसुद्धा? आणि मला वाटत होतं, मान देतेस म्हणून थांबतेस!

वेदिका : म्हणून म्हणते, एवढ्यात पावसला नको. तुमच्यासमोर परत तसं काही झालं तर मला सहन होणार नाही, आई.

गोदूबाई : डॉक्टरना सांगितलंस हे?

वेदिका : नाही. सगळे आधीच दमलेत माझ्यामुळे.

निशिगंधा : दमलेय. वैतागलेलीपण आहे, विचार कुणालाही. तरी सांगायचं! सोमवारी तपासणीला जायचंय, तिथे पहिलं हेच सांगायचं. काय ही लपवायची खोड घराला लागलीय...

गोदूबाई : माझ्याकडे बघू नकोस. तुझ्या घरात तांदूळ कुठे असतात?

निशिगंधा : मधेच तांदूळ कशाला?

गोदूबाई : पेज टाकते. वेदिका, ओट्याशी खुर्ची घे आणि बस. मी काय काय घालते ते तुझ्या डोळ्यांनी बघ.

वेदिका : तसं नको, आई. मी अशी बघत बसले तर तुम्हाला वाईट वाटेल.

गोदूबाई : वाटेल. तू बस.