निकालाआधीची टोपी

...नाही, मला एक सांगा, अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईमाणसानं रसायनशास्त्र शिकावं का? शिकावं हो, खुशाल शिकावं, मी कुठे नको म्हणतोय, पण म्हणून नवरा सकाळी काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवून पहिला घास घेतोय, तेवढ्यात समोर बसून विचारावं का, की "हेल्गे, पहिला आकडा तीन असेल, तर दुसरा जास्तीत जास्त किती?" मी म्हटलं, तू आधी लोणी इकडे सरकव.

ही आमची इंगेलिसे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली तिची, बापाच्या मासे धुरात सुकवायच्या भट्टीवर माणूस हवं होतं म्हणून, आणि मग जन्मभर भट्टीच केली. दर जूनला आमच्या स्वेनबोर्गमध्ये शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली पोरं पांढऱ्या टोप्या घालून उघड्या लॉरीतून बोंबलत गावभर फिरतात, आणि ही स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून बघायची. तर ती मोठ्यांच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा मी कुठल्या तोंडानं नको म्हणणार? सगळे विषय निघाले, राहिलं रसायन.

आणि त्यात ते आकडे! तुम्हाला सांगतो, एका इलेक्ट्रॉनला चार आकडे लागतात. पहिला एकपासून वर कितीही. दुसरा शून्यापासून निघतो, पण पहिल्याच्या एक पायरी खालीच थांबतो, बरोबरी करायची नाही. तिसरा दुसऱ्याच्या उण्यापासून अधिकापर्यंत, मधला एकही न गाळता. चौथा अर्धाच, अधिक नाहीतर उणे. आणि एका अणूत कुठल्याही दोघांचे चारही आकडे सारखे असता कामा नयेत. मी विचारलं, "हा ठराव कुठल्या सभेत झाला?" ती म्हणाली, "ठराव नाही रे, नियम म्हणजे नियम." "आणि कुणी मोडला तर?" "कुणी मोडतच नाही."

मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. अहो, मी आमच्या बागवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष! कुंपणाची झुडपं माणसाच्या छातीच्या वर जाऊ नयेत, एवढा साधा नियम, तर शेजारचा एगोन म्हणतो कसा, "हेल्गे, झाड आहे ते, त्याला वाचता येतं का?" आणि इकडे हे डोळ्यांना न दिसणारे कण, ना नोटीस ना अध्यक्ष, तरी सगळे गुमान पाळतात. नियम म्हणजे नियम!

पण खरं सांगू? मला आकड्यांचा राग नव्हता. ती मास्तरांशी, म्हणजे त्या पोरसवदा मॅसशी, फोनवर अणूंबद्दल बोलता बोलता हसायची ना, तेव्हा मी भांडी घासत ऐकायचो आणि वाटायचं, ही चालली पुढे... आता हिला माझ्याशी बोलायला काय उरणार, झुडपांची उंची? म्हणून मी गुपचूप पाठ केले ते आकडे. हो, मी.

परीक्षा तोंडी. बाहेर बोळात घरोघरची माणसं झेंडे नि गुलाब घेऊन ताटकळत, आणि मी कोटाखाली पावाच्या पिशवीत तिची पांढरी टोपी लपवून. लपवायलाच हवी, कारण निकालाआधी टोपी डोक्यावर चढली की माणूस नापास झालाच समजा, आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे. दार उघडलं, ही बाहेर आली. आत मॅस आणि बाहेरून आलेल्या परीक्षकबाई, दोघं गुण ठरवत होते.

"हेल्गे, मी फळ्यावर पहिला दोन लिहिला, आणि दुसरापण दोन."

"अगं, एक! बरोबरी करत नाही तो!" मी ओरडलोच. सगळा बोळ वळून बघायला लागला.

"माहितीये. पुसलं मी. पण त्यांनी बघितलं ना. मी आपली भट्टीवरचीच बरी. चल घरी."

घरी? मी पिशवीतून टोपी काढली आणि बसवली तिच्या डोक्यावर.

"अरे, निकाल लागायचाय."

"लागू दे."

"हेल्गे, नियम..."

"खड्ड्यात गेला नियम," मी म्हणालो. मी, अध्यक्ष! आणि नेमका तेव्हाच मॅस दारात. टोपीकडे बघितलं आणि हिला आत घेऊन गेला. आता ही नापास झाली तर कुणाच्या पायी? माझ्या. मी त्या गुलाबवाल्यांच्या बाकावर जाऊन बसलो.

सात मिळाले. आमच्याकडे सात म्हणजे चांगलेच. मी रडलो, त्यात लाजायचं काय?

रस्त्यात ती सांगायला लागली, "त्या परीक्षकबाईंनी विचारलं, दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी राहतात ते कसे? मी सांगितलं, पहिले तीन आकडे सारखे, चौथा उलटा. म्हणाल्या, उदाहरण द्या. हेलियम म्हणायचं होतं रे, पण तोंडातून गेलं, मी आणि हेल्गे. एक घर, एक पलंग, एक कॉफीची किटली, आणि मी हो म्हटलं की तो नाही म्हणतो. म्हणूनच इतकी वर्षं एका जागी राहू शकलो."

आता तुम्हीच सांगा, मी कधी नाही म्हणतो? मी लगेच म्हटलं, "नाही, असं काही नाही."

"बघ," ती म्हणाली.

हो म्हटलं तर कबूल केल्यासारखं, आणि नाही म्हटलं तर सिद्ध केल्यासारखं.